शनिवारची सहल आणि खंडेनवमीची पूजा

शनिवारी सकाळी साडेसहाला निघणारी बस, सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचे टी-शर्ट, लोणावळ्याजवळच्या रिसॉर्टवर पोहे आणि चहा, मग माइक हातात घेतलेला सूत्रसंचालक, डोळे मिटून सहकाऱ्याच्या हातांवर मागे झोकून द्यायचा खेळ, विभागाविभागांतली रस्सीखेच आणि संध्याकाळी डीजे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत ‘टीम बिल्डिंग’ म्हणून जे चालतं त्याचा साचा बहुतेक ठिकाणी हाच असतो. त्यावर खर्च बराच होतो, एचआरची माणसं मनापासून राबतात, आणि तरीही त्या शनिवारी घरी राहता आलं असतं तर बरं झालं असतं, असं अनेकांना वाटत राहतं. याचा ठपका सहसा कर्मचाऱ्यांच्या निरुत्साहावर ठेवला जातो. मला तो अन्याय वाटतो. खोट कार्यक्रमाच्या रचनेत आहे. दुसऱ्या कुणीतरी आखलेली करमणूक एकत्र बसून अनुभवली म्हणून माणसं जवळ येत नाहीत. सगळ्यांना हवीशी वाटणारी एखादी गोष्ट मिळून उभी करताना ती जवळ येतात.

याचा पुरावा आपल्याच एमआयडीसींमध्ये दरवर्षी दिसतो. भोसरी, सातपूर किंवा वाळूजच्या कारखान्यांत खंडेनवमीच्या आधी शॉपफ्लोअरवर जी लगबग असते, ती पाहावी. लेथखालच्या चिप्स झाडून काढल्या जातात, केरोसीनच्या फडक्यानं बेड पुसला जातो, पाने, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर स्वच्छ करून पूजेसाठी ओळीनं मांडले जातात. कुणी वर्गणी गोळा करतं, कुणी पहाटे मार्केट यार्डातून झेंडू आणतं, तोरणं ओवायला शिफ्टमधले पाचसहा जण एकत्र बसतात. नारळ बहुधा त्या मशीनवर रोज काम करणाराच वाढवतो. साहेब त्या घटकेपुरते पाहुणे असतात. काही कारखान्यांत त्या दिवशी घरच्यांनाही बोलावतात आणि आपला बाबा नेमकं कुठे उभा राहून काय करतो, ते मुलांना प्रथमच दिसतं. इथे कुणाला उत्साही होण्याची सूचना द्यावी लागत नाही, कारण काम खरं असतं आणि ते करणाऱ्याचा मान त्यालाच मिळतो. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांतही हेच घडत आलं आहे. १९५३ साली स्थापन झालेल्या या मंडळानं कामगारांना रंगमंच दिला. पाळी संपल्यावर तालमीला थांबणाऱ्यांना कुणी हजेरीची सक्ती करून थांबवलेलं नसतं.

मानसशास्त्रातला एक गाजलेला प्रयोगही इथे आठवतो. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकराबारा वर्षांच्या मुलांच्या शिबिरात दोन गट पाडून बेसबॉल, रस्सीखेच असे सामने लावले. थोड्याच दिवसांत झेंडा जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत मजल गेली. त्यांना एकत्र सिनेमा दाखवून आणि एका पंगतीला बसवून वैर निवळलं नाही. शिबिराचं पाणी बंद पडलं, जेवण आणायला निघालेला ट्रक चालू होईना, तेव्हा मात्र दोन्ही गट कामाला लागले. ट्रक ओढायला मुलांनी रस्सीखेचीचाच दोर वापरला. मुलांवरचा प्रयोग ऑफिसला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. पण प्रौढांकडे पाहिलं तरी दिशा तीच दिसते. केव्हिन निफिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अग्निशमन केंद्रांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. जिथले जवान एकत्र जेवतात त्या तुकड्यांची कामगिरी सरस असल्याचं त्यात आढळलं. ते जेवण बाहेरून मागवलेलं नसतं. बेत ठरवणं, बाजारहाट, स्वयंपाक, भांडी, हे सगळं जवानच करतात.

यावर पहिला आक्षेप असा की, स्पर्धेशिवाय मजा कसली? टाइम्स शील्डसारख्या स्पर्धेतलं मुंबईतल्या कार्यालयांचं क्रिकेट कित्येक दशकं रंगत आलंच आहे. खरं आहे, पण तिथे संपूर्ण कार्यालय एका बाजूला असतं आणि प्रतिस्पर्धी बाहेरचा. ज्या सेल्स आणि अकाउंट्समध्ये आधीच बिलांवरून कुरबुर आहे, त्यांनाच एकमेकांविरुद्ध दोर ओढायला लावणं वेगळं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पूजा हा सर्वांचा कार्यक्रम कसा होईल? होणार नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. खंडेनवमीकडून घ्यायची ती तिची रचना. ती वर्धापनदिनाच्या एकांकिकेला, कर्मचाऱ्यांनी स्वतः रांधलेल्या जेवणाला किंवा घरच्यांना कंपनी दाखवण्याच्या दिवसालाही लागू पडते.

तिसरा आक्षेप व्यवस्थापनाचा असतो: ऐच्छिक ठेवलं तर कुणी येणार नाही, आणि कामाच्या वेळात ठेवलं तर काम बुडेल. ऐच्छिक ठेवून कुणीच आलं नाही, तर कार्यक्रम लोकांना नको होता एवढंच कळतं, आणि ते कळणं मोलाचं आहे. सक्तीनं भरलेल्या बसमधून ते कधीच कळत नाही. कंपनीच्या मौजमजेच्या संस्कृतीत सामील न होण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली मान्य केला. वेळेचं म्हणाल तर शनिवार फुकट नसतो. लहान मूल, आजारी सासू, आठवड्याची खोळंबलेली कामं सांभाळणारी बाई त्याची किंमत मोजतच असते. जे काम कंपनीला खरोखर महत्त्वाचं वाटतं, त्याला कंपनीनं आपल्या वेळातले दोन तास द्यावेत. अपुरा पगार किंवा अपमान करणारा वरिष्ठ यांवर कोणताही कार्यक्रम इलाज नाही; पण जिथे मूळ व्यवहार सरळ आहे, तिथे दरवर्षी बदलणारी कर्मचाऱ्यांची छोटी समिती, तिच्या हाती दिलेले पैसे आणि करायला एक खरं काम एवढं पुरतं. म्हणून रिसॉर्टचं बुकिंग करण्याआधी लोकांना विचारावं, की तुम्हाला मिळून काय करायला आवडेल. आणि उत्तर आलं की ते करायला मोकळीक द्यावी.