शोतेनसामाचा मुळा

टोकियो, 8 जानेवारी

काल आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेनला जाऊन आलो. सुमिदा नदीच्या काठची छोटीशी टेकडी आणि तिच्यावर देऊळ. दर 7 जानेवारीला इथे मुळ्याचा उत्सव भरतो. लोक पांढराशुभ्र, दंडाएवढा जाड मुळा देवापुढे ठेवतात आणि थंडीत वाफाळता उकडलेला मुळा प्रसाद म्हणून खातात. देवाचे नाव कांगितेन, पण भाविक आदराने शोतेनसामा म्हणतात. त्याला हत्तीचे मस्तक असते. बहुतेक ठिकाणी अशा दोन आकृती एकमेकींना मिठी मारून उभ्या असतात, असे पुस्तकांत वाचायला मिळते. डोळ्यांनी पाहिलेले फार थोडे, कारण ही मूर्ती भाविकांना दाखवत नाहीत.

आम्ही चार मराठी कुटुंबे होतो. मूर्ती दिसत नाही म्हटल्यावर आमच्यातल्या एकाने तिथल्या सेवकाला गळ घातली, की हा आमचा गणपती आहे, आम्हाला तरी दाखवा. सेवक कमरेत वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, कोणालाच दाखवत नाही. पायऱ्या उतरताना मित्र म्हणाला, "काहीही म्हणा, शेवटी हे सगळं आपलंच."

इथे आलो त्या पहिल्या वर्षांत मीही हेच म्हणत असे. आता म्हणवत नाही.

तसे वाटण्यासारखे इथे खूप आहे. चीन-कोरियामार्गे बौद्ध सूत्रे आली, त्यांच्यासोबत आपल्याकडचे देवही आले. उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या बेटावर बेंझाइतेनचे देऊळ आहे. ती मुळातली सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा नावाचे तंतुवाद्य. महाकालाचा दाइकोकु झाला आणि भाताच्या पोत्यांवर उभा राहून हसू लागला. होमाला इथे गोमा म्हणतात. स्मशानातल्या लाकडी पट्ट्यांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरे असतात. जपानी मूल आपली अक्षरे अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न अशी म्हणते, त्या क्रमामागेही संस्कृत शिकलेल्या भिक्षूंचा हात आहे. क्योटोत तर कांगिदान नावाची तळलेली, वर मुरड घातलेली मिठाई मिळते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आईच्या हातचे मोदक आठवले होते.

पण शोतेनसामा बाराशे वर्षे इथे राहिला आहे. त्याचा इथे वचक आहे. त्याला बोललेला नवस फेडायलाच हवा, त्याच्या पूजेत हयगय चालत नाही, असे लोक मानतात. आमच्या वर्ध्याजवळच्या केळझरच्या गणपतीला आम्ही शाळेतून येताजाता हात जोडायचो, कधी विसरलो तरी त्याचा राग येईल असे मनातही आले नाही. मूळ एक असेल, पण नाते वेगळे आहे. ज्या आजीबाई काल काठी टेकत मुळा घेऊन वर चढल्या, त्यांचा देव आपला म्हणून मागण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

आता उलट बाजू. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या बाई राहतात. त्यांनी एकदा विचारले, तुमच्या धर्माचा संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, आणि तुमच्या घरी बुद्धाची पूजा रोज होते का? बुद्ध भारतातला, म्हणून भारतीय तो बौद्ध, असे इथे अनेकांना वाटते. धर्माला इथे 'शूक्यो' म्हणतात. हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो मेइजी काळात, पाश्चात्य कल्पनेचे भाषांतर म्हणून. म्हणून नवीन वर्षाला शिंतो देवळात जाणारा, घरी बौद्ध पद्धतीने श्राद्ध करणारा माणूसही सहज सांगतो, मला शूक्यो नाही. शिंतो आणि बौद्ध अनुयायांचे सरकारी आकडे एकत्र केले तर बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते. 1868 मध्ये सरकारने कामी, म्हणजे शिंतो देव, आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. त्यात बेंझाइतेनची कितीतरी स्थाने शिंतो देवळे झाली, तिचे नावही बदलले. लोकांनी दोन्ही दारी जाणे मात्र सोडले नाही.

हे कळल्यावर बाईंना उत्तर देणे सोपे गेले. मी सांगितले, आमच्याकडे धर्म हा शब्द शेजारधर्मातही आहे. आजी पहाटे गीताई म्हणायची, आजोबा गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्यात नारळ घेऊन जायचे, आणि दोघांपैकी कोणी एकमेकांना अडवले नाही.

एक गोष्ट बोलताना त्या अडखळल्या होत्या. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम् शिनरिक्यो पंथाने सरीन वायू सोडला. माणसे मेली, हजारो जखमी झाली. त्या पंथाच्या नावात ओम् होते, त्याचा गुरू शिवाला मुख्य देवता मानत असे आणि भरती योगवर्गांतून होत असे. त्यानंतर कित्येक वर्षे योग हा शब्द ऐकूनही इथले लोक दचकत. बाईंची एक मैत्रीण त्या सकाळी त्याच मार्गावर होती. अशा माणसाला 'आमच्या धर्माबद्दल तुमचा गैरसमज आहे' असे फणकाऱ्याने सांगता येत नाही. मी ओम् आमच्या घरात कुठे लिहिलेले असते, कधी म्हणतात, एवढेच सांगितले.

मग त्यांना गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाची गोष्ट सांगितली. निप्पोनझान म्योहोजी संघाचे भिक्षू निचिदात्सु फुजी 1933 मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. पंख्यासारखे चामडी वाद्य बडवत म्हणायचा त्यांचा मंत्र, 'नम्यो हो रेंगे क्यो', पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत आला. 1941 च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरल्यावर आश्रमातल्या जपानी भिक्षूला इंग्रज सरकारने ताब्यात घेतले, मंत्र मात्र राहिला. बापूकुटीजवळच्या प्रार्थनेची सुरुवात आजही त्यानेच होते. हा मंत्र निचिरेन परंपरेचा. तेराव्या शतकातला हा निचिरेन इतर पंथांवर कडक टीका करणारा, सद्धर्मपुंडरीक सूत्रापलीकडे काही न मानणारा. आश्रमाने ती कठोरता सोडण्याची अट घातली नाही, मंत्राचे हिंदी केले नाही, त्यात राम शोधला नाही. तो जपानीच ठेवला.

ही समज आम्हा वर्धेकरांच्या घराजवळ असूनही मी ती उशिरा शिकलो. कॉलेजात असताना एका बौद्ध मित्राला मी प्रेमाने म्हणालो होतो, "बुद्ध म्हणजे विष्णूचाच नववा अवतार, आपण काही वेगळे नाही." तो गप्प झाला. त्याच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर 22 प्रतिज्ञा घेतल्या होत्या, आणि बुद्ध विष्णूचा अवतार नाही ही त्यांतलीच एक. मी त्याच्या आजोबांचा शब्द खोडत होतो आणि त्याला आपुलकी समजत होतो. काल मात्सुचियामाच्या पायऱ्यांवर तो मित्र आठवला. रात्री त्याला फोन केला, बराच वेळ बोललो.

शेजारच्या बाईंचे घर जोदो पंथाचे, म्हणजे निचिरेनचा मंत्र त्यांचा नव्हेच. तरी त्यांनी विचारले, "तुमच्या गावी तो कसा म्हणतात? म्हणून दाखवाल?" मी लहानपणी ऐकला होता तसा, आमच्या वऱ्हाडी हेलात म्हणून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा म्हणायला लावला. माझा उच्चार त्यांनी सुधारला नाही.