रांगेची पंगत

सव्वाबारा वाजले आहेत. मी किचनशेडच्या पायरीवर बसले आहे आणि माझ्या मांडीवर वरण-भाताची ताटली आहे. आज चव बघायची पाळी माझी. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने हे अन्न खायचं, मग चव नोंदवहीत वेळ, पदार्थ, शेरा लिहून सही करायची.

"ताई, नुसतं जिभंला लावू नका. चार घास खावा, मग कळतंय," थोरल्या मावशी आतून सांगतात.

मी चार घास खाते. मूगडाळीचं वरण, त्यात शेवग्याच्या शेंगा. मीठ बरोबर आहे. डाळ मऊ आहे, पण तिचं पाणी झालेलं नाही. शेंग दोन बोटांत दाबली की उलगडते आणि गर अलगद सुटतो. पलीकडे सरही खाली बसूनच खातायत. आमच्या दोघांचं खाऊन होईपर्यंत पातेल्यावरचं झाकण मावशी उचलत नाहीत, हे मला फार बरं वाटतं.

ही वही मी सवयीने भरत नाही. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, गंडामण गावच्या शाळेत दुपारच्या जेवणाने २३ मुलं गेली. तेलात कीटकनाशक होतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्या तेलाची शंका आली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. ती बातमी वाचली तेव्हा मला मूलही नव्हतं. आता मुलगी दुसरीत आहे, आणि वहीवर सही करताना दर वेळी मला ती बाई आठवते.

माण तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. पटावर ५८, आज हजर ५३. हा ५३ चा आकडा सकाळी प्रार्थना झाली की चौथीतली एक मुलगी चिठ्ठीवर लिहून किचनशेडमध्ये आणून देते आणि मावशी त्यावरून माप काढतात. माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. म्हणजे आज पाच किलो तीनशे तांदूळ आणि किलोला थोडी वर डाळ. प्राथमिकच्या मुलाला या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा त्यामागचा हिशोब आहे. कागदावर हा हिशोब नेहमीच बसायचा. ताटात तो बसत नव्हता.

कारण होती रांग. गेल्या वर्षीपर्यंत घंटा झाली की पोरं ताटल्या वाजवत या दाराशी पळत यायची. रांग उन्हात. पुढे चौथीची, मागे पहिलीची, कारण पळण्यात लहानांचे पाय कमी पडायचे. पुढच्यांना डाळ तळातून ढवळून मिळायची, शेवटच्यांच्या वाट्याला खरवडलेला भात आणि वरचं पाणी यायचं. ताट घेऊन वळताना धक्का लागायचा, सांडायचं. गेल्या श्रावणात माझ्या लेकीच्या मनगटावर गरम वरण सांडलं. डाग अजून आहे, रुपयाएवढा.

त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. कुणी म्हणालं रांगेत खुणा आखा, कुणी म्हणालं शिक्षक उभे करा, कुणी म्हणालं वर्गातच नेऊन द्या. थोरल्या मावशी चहाचे कप उचलत होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नात कुणी ताट घिऊन आचाऱ्याच्या दारात उभं ऱ्हातंय का? पंगत बसवा की." सगळे गप्प झाले. इतकी सरळ गोष्ट आम्हा कुणाला सुचली नव्हती, आणि ती ज्यांना सुचली त्यांना बैठकीत बसायला खुर्ची नव्हती. त्या दिवशी त्यांचं ऐकलं गेलं, हे मला त्या बदलाइतकंच मोलाचं वाटतं.

पाऊण वाजतो. घंटा होते.

कुणी पळत नाही असं नाही. पळतातच, पण हात धुवायच्या पन्हळीकडे. भिंतीलगत कमरेच्या उंचीवर एक लांब पाइप आडवा बसवलाय, त्याला वीतभर अंतरावर बारीक भोकं आहेत. चावी फिरवली की दहा धारा एकदम पडतात आणि दहा पोरं एकदम हात धुतात. साबण जाळीच्या पिशवीत घालून टांगलाय, म्हणून तो मातीत पडत नाही आणि खिशातून घरीही जात नाही. माणमध्ये पाणी कसं जपून वापरतात ते काही सांगायला नको. उन्हाळ्यात गावाला टँकर येतो. म्हणून पन्हळीखालची नाली परसबागेत नेली आहे. त्या पाण्यावर कढीपत्ता आहे, अळू आहे, आणि कुंपणाला शेवग्याची दोन झाडं आहेत. आज वरणात पडलेल्या शेंगा त्याच झाडांच्या. पोरांच्या हातांचं पाणी पिऊन आलेल्या शेंगा पोरांच्याच ताटात पडतायत.

व्हरांड्यात पट्ट्या अंथरल्या आहेत. समोरासमोर दोन ओळी, मध्ये वाढणाऱ्याला चालायला वाट. बसायची जागा वर्गाप्रमाणे नाही. चौथीच्या एका मुलाशेजारी पहिलीची दोन, मग तिसरीचा, मग परत पहिलीची. दर सोमवारी जागा बदलतात, त्यामुळे कोण कुणाच्या वस्तीचं, कोण कुणाच्या आळीचं, हे पट्टीवर उरत नाही. सरांनी यावर भाषण केलं नाही. त्यांनी फक्त सोमवारी जागा बदलायचा नियम केला.

चौथीतले सहा जण वाढपी आहेत, डोक्याला रुमाल बांधून. ते भात वाढतात. गरम वरणाच्या बादलीला मात्र मुलांनी हात लावायचा नाही, ती दोघी मावशींकडे. पहिला भात पहिलीच्या ताटात पडतो.

"थोडा वाढ," धाकट्या मावशी वाढप्याला सांगतात. "परत फिरायचं हाय आपल्याला."

श्लोक म्हणून होतो. पहिलीतलं एक पोर श्लोक संपायच्या आत बोट वरणात बुडवून चोखतं आणि इकडेतिकडे बघतं. मी दुसरीकडे मान फिरवते.

मग व्हरांडा बोलायला लागतो. आधी जेवताना बोलायचं नाही, असा दंडक होता. मलाही तो बरोबर वाटायचा. शिस्त वाटायची. आता दिसतंय की गप्प बसवलेलं पोर भराभर गिळतं आणि उठतं. बोलणारं पोर रेंगाळतं, शेजारच्याच्या ताटात डोकावतं, त्याने खाल्लं म्हणून आपणही खातं. माझ्यासमोर पहिलीतली एक मुलगी शेंगेचा तुकडा ताटाच्या कडेला सारते. शेजारची चौथीतली ते बघते. ती आपला तुकडा उचलते, दोन्ही अंगठ्यांनी तो उभा फाडते, पुस्तक उघडावं तसा, आणि आतला गर खालच्या दातांनी ओरपून घेते. चोथा ताटाच्या कडेला ठेवते. काही बोलत नाही. लहानी ते सगळं डोळे मोठे करून पाहते, आपला तुकडा परत ओढते. तिच्या अंगठ्यांत जोर नाही, शेंग फाटत नाही, निसटून भातात पडते. मग चौथीतली फक्त सुरुवातीची चीर पाडून देते आणि शेंग तिच्या हातात ठेवते. पुढचं तिचं तिने करायचं. दोन मिनिटांनी तिच्या हनुवटीवर वरण आहे आणि ताटाच्या कडेला एक चोथा.

घरी मी हीच शेंग खा म्हणून लेकीच्या मागे लागते. ती खात नाही. इथे चार चोथे तिच्या ताटाच्या कडेला ओळीने मांडलेले आहेत.

मी याच तालुक्यात शिकले. शाळेतल्या जेवणाची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा जेवण नव्हतं, तांदूळ होता. हजेरी भरली तर महिन्याला तीन किलो. मी तो पिशवीतून घरी न्यायचे. आई तो आजीला, भावांना, सगळ्यांना रांधायची, आणि तसंच व्हायला हवं होतं, पण शाळेत दुपारी माझ्या पोटात काही नसायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांना शिजवलेलं अन्न द्या. त्या एका शब्दामुळे, शिजवलेलं, आज हा व्हरांडा भरलाय. शिजवलेलं म्हटलं की शिजवणारं माणूस आलं. या दोघी सकाळी दहाला येतात, तांदूळ निवडण्यापासून पातेली घासण्यापर्यंत तीन वाजतात. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २००९ साली केंद्राने ते महिना १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातल्या दहाच महिन्यांचं. राज्याने पुढे त्यात भर घातली. तरी ज्या हातांवर ५३ पोटं आहेत त्या हातांना आपण काय देतो, याचा विचार मला इथे बसल्यावर सोडत नाही.

अंड्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी पैसा थांबला आणि अंडं लोकसहभागावर आलं. ज्या गावात मुलांच्या अंगावर मांस दिसत नाही, त्या गावाने लोकसहभाग आणायचा कुठून? तरी आम्ही वर्गणी काढतो. पंधरा दिवसांतून एकदा जमतं.

आता दुसरी फेरी. हीच फेरी बघायला मी थांबले आहे.

रांगेत परत हवं असेल तर उठून दाराशी जावं लागायचं आणि सगळ्यांसमोर मागावं लागायचं. काही पोरं कधीच उठायची नाहीत. पंगतीत वाढणारा प्रत्येकासमोर येऊन थांबतो. नको असेल त्याने ताटावर हात आडवा धरायचा, लग्नात धरतात तसा. हवं असेल त्याने काहीच करायचं नाही. मागावं लागतच नाही.

खांबाशी पहिलीतला एक मुलगा आहे. दिवाळीनंतर आलाय, आईबाप वीटभट्टीवर. माझी लेक मला हळूच सांगते, "आई, तो बोलतच नाही कुणाशी." त्याचं ताट चाटल्यासारखं स्वच्छ आहे. भात घेऊन वाढपी त्याच्यासमोर येतो. मुलगा खाली बघतो. हात मांडीवरच. वाढपी भात वाढतो. थोरल्या मावशी बादली टेकवतात, डावाने तळापासून ढवळतात आणि दाट वरण ओततात.

तो खातो. मान वर न करता, न थांबता.

बहुतेक पोरं उठली आहेत. पन्हळीवर ताटल्यांचा आवाज आहे. उष्ट्याची बादली मी वाकून पाहते. तळाला शेवग्याचे चोथे, थोडी कढीपत्त्याची पानं, भात मूठभरसुद्धा नाही. गेल्या वर्षी ही बादली गळ्यापर्यंत यायची आणि तिच्यावर वस्तीतली शेरडं पोसली जायची.

तिसऱ्या फेरीला मावशी एकट्याच निघतात. बादलीत डावभर वरण राहिलंय. पट्टीवर पाचसहा जण. त्या खांबाशी येतात, वाकतात.

मुलगा डाव्या हाताने ताट झाकतो. हात छोटा आहे, निम्मं ताट उघडंच राहतं.

"बास, मावशी," तो म्हणतो.