घरच्या घरीं विजेच्या गिटारीचें ध्वनिमुद्रण

एकत्र कुटुंबांत एखाद्या मुलास वाद्य शिकण्याची हौस उत्पन्न झाली, म्हणजे त्या हौसेचा पहिला कर शेजारच्या खोलींतील माणसांना भरावा लागतो. पेटी-तबल्याची आम्हांस संवय होती. परंतु गेल्या वर्षीं नातवानें विजेची गिटार घरांत आणली, तेव्हां कोणाची परीक्षा, कोणाचा जप, कोणाची दुपारची झोंप, या सर्वांचा विचार करून एक तोड काढावी लागली. आवाज मोठा करणारा अँप्लिफायर आणावयाचा नाहीं; गिटारीची केबल थेट ‘इंटरफेस’ नांवाच्या लहानशा डबीस जोडावयाची, ती डबी संगणकास जोडावयाची, आणि वाजविणाऱ्यानें कानांस हेडफोन लावून ऐकावयाचें.

ही तोड कमी प्रतीची आहे असें कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं १९५९ मध्यें निघालेल्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत गिटारवादक याच रीतीनें आपलीं वाद्यें थेट यंत्रास जोडीत, आणि तेथील गाणीं जगभर गाजलीं.

परंतु आमच्या घरीं तीन महिने कांहीं जमेना. मुद्रित झालेला आवाज मऊ वाजविला तर मुका व खरखरीचा, जोरानें वाजविला तर फाटका. चिरंजीवांनीं अखेर निकाल दिला, “हात बसत नाहीं, हें उघड आहे. दिवाळीनंतर गिटार विकून टाका, आणि अभ्यासाला लागा.” मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें गिटारीवर खोळ घातली, आणि आठ दिवस ती काढली नाहीं. ही गोष्ट मला बोलण्यापेक्षां अधिक लागली.

एके सायंकाळीं मीं ती डबी हातांत घेऊन विचारलें, “बाळ, हें बटन कशाचें?”

“ठाऊक नाहीं, आजोबा. पहिल्या दिवसापासून तें तसेंच आहे.”

शिक्षकाच्या धंद्यांत जन्म गेल्यामुळें हें उत्तर माझ्या पूर्ण परिचयाचें होतें. आम्हीं दोघांनीं डबीसोबतची माहितीपुस्तिका समोर ठेवली आणि पाठ सुरू केला.

गिटारीच्या तारांखालीं ‘पिकअप’ असतो. त्यांत लोहचुंबकाभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हालतें, आणि वेढ्यांत अल्पशी वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यानें १८३१ मध्यें दाखवून दिलेलें तत्त्व तें हेंच. ही वीज फार नाजूक. पुढील यंत्रानें तिच्यावर ओझें घातलें, तर उंच स्वरांशांचें तेज प्रथम मावळतें. हें ओझें किती पडेल, तें यंत्राच्या इनपुटच्या संरोधावर अवलंबून असतें. संरोध मोठा, तर ओझें हलकें. माइकसाठीं असलेल्या इनपुटचा संरोध सामान्यतः दोन-तीन हजार ओहम असतो. लाइनचा दहा हजार किंवा थोडा अधिक. आणि ‘इन्स्ट्रुमेंट’ अथवा ‘हाय-झेड’ असें लिहिलेल्या इनपुटचा सुमारें दहा लाख! पिकअपचा स्वतःचा एक अनुनाद असतो, बहुधा सेकंदास २,००० ते ५,००० कंपनांच्या दरम्यान. गिटारीची झळाळी त्यावर अवलंबून असते. तंबोऱ्याची जवारी उतरली म्हणजे तारा सुरांत असूनहि नाद मुका होतो. अनुनाद दबला म्हणजे गिटारीचें तसेंच होतें.

आमचें बटन ‘लाइन’वर होतें! आवाज बारीक येतो म्हणून मुलानें ‘गेन’ची खुंटी उजवीकडे शेवटपर्यंत पिळली होती. एका चुकीच्या पोटीं दुसरी चूक जन्मास आली, ती अशी. ज्या डबीवर इन्स्ट्रुमेंटचें इनपुटच नसेल, तेथें मध्यें ‘डी-आय’ नांवाची पेटी घालून माइकच्या इनपुटचा उपयोग करतां येतो.

आतां गेनची गोष्ट. संगणकाच्या मापपट्टीवर शून्य डेसिबल हें छत आहे. त्यावर कांहीं मावत नाहीं. लहरींचा माथा सपाट कापला जातो, आणि कापलेला माथा मागाहून कोणत्याहि उपायानें जसाच्या तसा परत येत नाहीं. आमच्या घरच्या बायका दूध तापवितांना भांडें काठोकाठ भरीत नाहींत. उतूं येणाऱ्या दुधास वर जागा ठेवतात. तोच न्याय येथें लावावा. गिटारीवरील आवाजाची खुंटी पूर्ण उघडावी, सर्वांत जोराचा पिकअप निवडावा, प्रत्यक्ष वादनांत जितका जोर लागेल तितक्या जोरानें छेडावें, आणि सर्वांत मोठा आघात उणें १२ ते उणें ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशा बेतानें गेन लावावा. इतकी जागा सोडल्यानें नुकसान होईल ही भीति व्यर्थ आहे. एका बिटाला सुमारें ६ डेसिबल धरले, तर २४ बिटांच्या मुद्रणांत १२ डेसिबल सोडणें म्हणजे केवळ दोन बिटें सोडणें. मुद्रण मात्र २४ बिटांवरच ठेवावें. गिटारीचा जो फाटका, रांगडा आवाज तरुणांना प्रिय असतो, तो इनपुट पिळून आणूं नये. मुद्रण स्वच्छ करावें, आणि तो रंग मागाहून संगणकांतील अँप्लिफायरच्या नकलेनें चढवावा. तो आवडला नाहीं तर काढतां येतो.

किरकोळ सूचना थोडक्यांत सांगतों. ४८ व्होल्टचें बटन माइकसाठीं आहे. तें बंद असावें. एका गिटारीस एकच मोनो मार्ग पुरतो. एकवेढी पिकअप घरांतील विजेचा गुंजारव ओढून घेतात, म्हणून पडदा व चार्जर यांपासून दूर, अंग थोडें वळवून बसावें. सेथ लव्हर यानें १९५५ मध्यें गिब्सन कंपनीसाठीं दुवेढी पिकअप रचला तो याच पीडेवर. स्वर उशिरां ऐकूं येत असेल तर ‘बफर’ लहान करावा. सेकंदास ४८,००० नमुन्यांच्या वेगानें १२८ नमुन्यांचा बफर सुमारें २.७ सहस्रांश सेकंद घेतो, तर १,०२४ चा २१. आणि एवढा विलंब बोटांना जाणवतो.

बटन फिरविलें, गेन खालीं आणला. नातवानें खोळ काढून जुनीच गत वाजविली. मुद्रण ऐकतांना चिरंजीव दारांत येऊन उभे राहिले. गत संपल्यावर ते म्हणाले, “पुन्हां एकदां लाव.” दिवाळी होऊन गेली, गिटार घरांतच आहे. वादनांत चुका अजून पुष्कळ आहेत, पण त्या आतां त्याच्या स्वतःच्या आहेत, आणि म्हणून सुधारतां येण्याजोग्या आहेत.

मला मात्र त्या रात्रीं एक जुनी आठवण झोंपूं देईना. शेवटच्या बांकावरील एका मुलाचें पाठांतर मला नीट ऐकूं आलें नाहीं, म्हणून मीं त्यास कच्चा ठरविलें होतें. पुढें त्यास जवळ बसविलें, तेव्हां कळलें कीं एकहि अक्षर चुकत नव्हतें. मुलांच्या गुणांचा निकाल देण्यापूर्वीं वडील मंडळींनीं आपलें ऐकण्याचें बटन कोठें आहे, हें एकदां पाहून घ्यावें.