मॅकिनॉची फेरी: पाण्यावरचा हमरस्ता

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचे दोन भाग आहेत आणि मधे मॅकिनॉची सामुद्रधुनी. अगदी अरुंद ठिकाणीही ती कित्येक किलोमीटर रुंद. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी आल्या, रस्ते सुधारले. पण उत्तरेचा रस्ता सेंट इग्नसला संपे आणि दक्षिणेचा मॅकिनॉ सिटीला. पलीकडे जायला होत्या त्या रेल्वेच्या बोटी. त्यांच्या लेखी मोटार म्हणजे माल. ती उघड्या वाघिणीवर चढवायची आणि मागतील ते भाडं मोजायचं.

१९२३ मध्ये राज्याच्या महामार्ग खात्यानं स्वतःच बोट विकत घेतली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. रस्ते बांधणाऱ्या खात्यानं पाण्याचा पट्टाही आपल्या रस्त्यातच धरला! पहिली बोट ‘एरियल’, जेमतेम २० मोटारींची. मग मोठ्या बोटी येत गेल्या, त्यातल्या काही रेल्वेच्याच जुन्या.

हिवाळ्यात सामुद्रधुनी गोठे. तेव्हा रेल्वेची ‘चीफ वावाटम’सारखी बर्फफोडी बोट भाड्यानं घ्यावी लागे. १९११ च्या या बोटीला नाळेच्या बाजूलाही पंखा होता. तो बर्फाखालचं पाणी ओढून घेई आणि आधार सुटलेला बर्फ बोटीच्या वजनाखाली मोडे.

खरी कसोटी नोव्हेंबरात. १५ तारखेला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होई आणि उत्तरेच्या जंगलांकडे निघालेल्या गाड्यांची रांग पार शबॉयगनपर्यंत, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर लांब जाई. ताटकळलेल्या लोकांना गावकरी मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या गरम पेस्ट्या विकत. गोव्यात मांडवी नदीवरचा पूल १९८६ मध्ये कोसळल्यावर बेतीच्या फेरी-धक्क्यावर खोळंबलेल्या गोवेकरांना ही रांग समजावून सांगायला नको.

१९५२ मध्ये ‘व्हेकेशनलँड’ आली. १५० मोटारी घेणारी, स्वतः बर्फ फोडणारी. दोन्ही टोकांना पंखे आणि सुकाणू असल्यानं तिला वळवावंच लागत नसे. एका टोकानं चढलेली गाडी दुसऱ्या टोकानं उतरे. इतकी देखणी सोय, पण तीही गर्दीला पुरी पडली नाही.

अखेर सामुद्रधुनीवर पूल बांधला गेला. १ नोव्हेंबर १९५७ रोजी तो वाहतुकीला खुला झाला आणि राज्याची फेरी बंद पडली. ‘व्हेकेशनलँड’ विकली गेली. १९८७ मध्ये भंगारात नेताना ती पॅसिफिकमध्ये बुडाली. पुलाचं श्रेय अभियंता डेव्हिड स्टाइनमन यांना मिळतं, ते रास्तच आहे. पण एवढा खर्चिक पूल गरजेचा आहे हे ३४ वर्षं रोज दाखवून दिलं ते या बोटींनी, आणि त्या श्रेयात त्यांचा वाटा मोठा आहे.