काटा गेला नाही, मग काय?

"इतकी प्रार्थना केली, तरी त्रास गेला नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का?" असं मनात येत असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठी.

करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय 11 आणि 12 उघडा. करिंथमध्ये काही प्रचारक स्वतःचा मोठेपणा मिरवत होते, पौलाला कमी लेखत होते. उत्तरात पौल काय सांगतो? आपण दिमिष्कातून टोपलीत बसून, भिंतीवरून उतरून कसे पळालो ते! मग तो शरीरातल्या काट्याबद्दल बोलतो. काटा नेमका कोणता, हे तो सांगत नाही. मला वाटतं, बरंच झालं. तिथं आपण आपला काटा ठेवू शकतो.

तो निघावा म्हणून पौलानं तीनदा विनवणी केली. काटा राहिला, पण कृपा पुरेल असं उत्तर मिळालं. म्हणजे 'नाही' हे उत्तर पौलालाही मिळालं होतं. विश्वास कमी म्हणून नव्हे.

पुढं तो म्हणतो, ख्रिस्ताचं सामर्थ्य माझ्यावर राहावं. मूळ ग्रीक शब्दात तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे. आणि पौल स्वतः करिंथमध्ये तंबू बनवायचं काम करायचा! अशक्तपणा तसाच असतो, पण त्याच्यावर देवाचं छप्पर येतं.

म्हणून दुखणं लपवू नका. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास नाही, पौलाचा सोबती लूकही वैद्यच होता. या आठवड्यात आपला काटा एका तरी भरवशाच्या माणसाला सांगा, आणि दोघं मिळून प्रार्थना करा. भेटू पुढच्या भागात!