संघ नावाचा की गावाचा?

डिसेंबर २०२२ मध्ये बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग या नव्या स्पर्धेची एक फेरी झाली. चेन्नई, बंगळूर, दिल्ली, चंदिगढ, कोची आणि मुंबई अशा सहा शहरांचे संघ तीत उतरले होते. मैदान पुण्याचे होते. संघ मात्र पुण्याचा नव्हता. सात वर्षांपूर्वी याच्या उलट घडले होते. २०१५ साली युबीए या नावाने जी व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाली, तिच्या आठ संघांत एक 'पुणे पेशवाज' होता. ती स्पर्धा २०१७ नंतर बंद पडली आणि तिच्याबरोबर तो संघही विस्मृतीत गेला. शहराला एकदा नाव मिळाले, एकदा यजमानपद मिळाले. पण पुणेकरांनी आपला म्हणावा असा संघ दोन्ही वेळा मिळाला नाही. आयोजकांना किंवा पैशाच्या टंचाईला दोष देऊन हा विषय संपवणे सोपे आहे. परंतु व्यावसायिक लीग मुळात कशाच्या आधारावर उभी राहते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

या बाबतीत युरोपचा अनुभव पाहण्यासारखा आहे. स्पेनमध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल लीगचा आरंभ १९५७ साली अवघ्या सहा संघांनिशी झाला. पुढे क्लबांनी स्वतःची संघटना स्थापन केली आणि १९८३च्या हंगामापासून लीगचा कारभार आपल्या हाती घेतला. आज अमेरिकेबाहेरच्या सर्वांत बलाढ्य राष्ट्रीय लीगांमध्ये तिची गणना होते. तेथे अठरा संघ खेळतात, हंगामाच्या अखेरीस तळाच्या दोन संघांना खालच्या श्रेणीत उतरावे लागते आणि खालून दोन संघ वर येतात. म्हणजे लीग आधी आणि संघ मागाहून, असा प्रकार तेथे झाला नाही. क्लब आधीच अस्तित्वात होते. लीग ही त्यांनी आपल्यासाठी घातलेली वरची माडी होती.

त्या पहिल्या सहा संघांपैकी एकाचे नाव आहे 'एस्तुदियान्तेस', म्हणजेच 'विद्यार्थी'. माद्रिदमधील रामिरो दे माएस्तु या माध्यमिक शाळेत १९४८ साली हा क्लब जन्मला. त्याच्या संस्थापकांमध्ये अग्रणी होते ते आंतोनिओ मागारिन्योस, त्या शाळेतील लॅटिनचे अध्यापक. शाळेच्या आवारात वाढलेला हा क्लब पुढे साठ वर्षांहून अधिक काळ देशाच्या पहिल्या श्रेणीत टिकून राहिला. ज्या क्लबांच्या पाठीशी लक्ष्मी उभी होती त्यांच्याशी झुंजत १९६३, १९९२ आणि २००० साली त्याने राष्ट्रीय चषकही जिंकला. २०२१ साली त्याला खालच्या श्रेणीत जावे लागले. परंतु क्लब मोडला नाही. मालकाचा उत्साह संपला म्हणून गुंडाळून ठेवावा, असा तो संघच नव्हता.

लिथुआनियातील कौनस हे शहर सुमारे तीन लाख वस्तीचे. २०११च्या जनगणनेत पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत एकतीस लाख लोक मोजले गेले, हे लक्षात घेतले तर कौनस पुण्याच्या एखाद्या उपनगराएवढेच म्हणावे लागेल. पण तेथील 'झाल्गिरिस' हा १९४४ साली स्थापन झालेला क्लब सोव्हिएत राजवटीत १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे मॉस्कोच्या सैनिकी संघाला मागे टाकून विजेता ठरला, आणि १९९९ साली त्याने युरोपचे अजिंक्यपदही मिळवले. आज त्याच्या सामन्यांसाठी पंधरा हजार प्रेक्षकांचे सभागृह उभे आहे. हे सभागृह क्लबच्या स्थापनेनंतर तब्बल सदुसष्ट वर्षांनी, २०११ साली बांधले गेले. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो. सभागृह आधी बांधले जाते आणि मग त्यात कोणाला खेळवायचे याचा शोध सुरू होतो.

पुण्याला ही कल्पना परकी वाटण्याचे काही कारण नाही. युरोपात ज्याला क्लब म्हणतात त्याला पुण्याच्या पेठांत तालीम म्हणतात. चिंचेची तालीम, निंबाळकर तालीम ही नावे कोणा धनिकाने बोली लावून विकत घेतलेली नाहीत. वस्ताद, पठ्ठे आणि भोवतालची वस्ती यांच्या जिव्हाळ्यावर त्या टिकल्या. डेक्कन जिमखाना १९०६ साली आणि कॅप्टन शिवरामपंत दामले यांचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली सुरू झाले, तेही सभासदांच्या बळावर आणि शारीरिक शिक्षणाच्या ध्येयापोटी. संस्था उभारण्याची आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याची विद्या या शहराला नक्कीच अवगत आहे.

यावर कोणी म्हणेल की, पुणेरी पलटणचा संघही विकत घेतलेल्या नावाचाच आहे. तरी २०१४ साली सुरू झालेली प्रो कबड्डी टिकली आणि पुण्याने २०२४ साली तिचे विजेतेपदही मिळवले. आक्षेप योग्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष निराळा आहे. कबड्डीच्या लीगखाली गावोगावच्या मंडळांची कित्येक दशकांची पुण्याई होती. गल्लीतल्या मैदानापासून राज्य अजिंक्यपदापर्यंतची वाट आधीच मळलेली होती. दूरचित्रवाणीने त्या वाटेवर दिवे लावले, एवढेच. बास्केटबॉलच्या बाबतीत दिवे आले, पण वाट नव्हती.

वास्तविक हा खेळच एका शिक्षकाने निर्माण केलेला. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नाइस्मिथ यांनी हिवाळ्यात विद्यार्थ्यांना चार भिंतींच्या आत खेळता यावे म्हणून फळांच्या टोपल्या टांगल्या. वायएमसीएच्या द्वारे तो भारतात आला आणि शाळा-महाविद्यालयांच्या आवारातच वाढला. पण शाळा सुटली की मैदानाला कुलूप लागते आणि परीक्षेचे वर्ष आले की मुलाच्या हातचा चेंडू सुटतो. त्यातूनही जो टिकतो त्याची दृष्टी रेल्वे, सेनादले किंवा ओएनजीसीसारख्या उपक्रमाच्या नोकरीकडे लागते. या खात्यांनी भारतीय बास्केटबॉल जगवला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. महिन्याच्या महिन्याला पगार मिळणे ही सामान्य घरातील खेळाडूच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. परंतु खात्याच्या संघाला गाव नसते. पुण्याची शिरीन लिमये २०१७ साली बंगळूरला आशियाई महिला चषकाचा ब गट जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. अशी खेळाडू घडवणाऱ्या शहरात तिचा खेळ दर आठवड्याला तिकीट काढून पाहण्याची सोय मात्र नाही.

तेव्हा पुढची लीग येऊन पुण्याला संघ देईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. शाळांची मैदाने संध्याकाळी सभासदांसाठी खुली करणे, महापालिकेने तेथे दिवाबत्तीची सोय करणे आणि शहरातल्या संघांची दोन श्रेणींची वार्षिक स्पर्धा भरवून चढ-उताराचा नियम पाळणे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. त्यात मुलींचे संघ पहिल्या वर्षापासून असले पाहिजेत. याला लागणारा पैसा एखाद्या चकचकीत उद्घाटन समारंभाच्या खर्चाहून फार मोठा नसेल. मात्र चिकाटी पुष्कळ लागेल, आणि ती ठेव शिक्षकांपाशी व माजी विद्यार्थ्यांपाशीच सापडेल. माद्रिदच्या त्या लॅटिनच्या मास्तरांपाशी एक शाळा होती आणि खेळण्यास उत्सुक मुले होती. पुण्यात या दोन्ही गोष्टींची वाण केव्हाही नव्हती, आजही नाही. संध्याकाळी सहा वाजता कुलूप कोणी उघडायचे, एवढेच ठरायचे आहे.