अमेरिकन कोणाला म्हणावे?

2014 सालच्या मे महिन्यात माझी भाची न्यू जर्सीहून पनवेलला सुट्टीवर आली. तिच्या सामानात आमच्यासाठी चॉकलेटे होती, आईसाठी गुडघ्याला चोळायचे मलम होते आणि स्वतःसाठी एक पातळशी पुस्तिका होती. अमेरिकेचे नागरिकत्व हवे असणाऱ्याला जी तोंडी परीक्षा द्यावी लागते, तिचे तेव्हाचे शंभर प्रश्न त्या पुस्तिकेत छापलेले होते. त्यातले तेव्हा जास्तीत जास्त 10 विचारत, 6 बरोबर आले की सुटका होई. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मी प्रश्न विचारायचे आणि तिने उत्तरे द्यायची, असा आमचा कार्यक्रम पंधरा दिवस चालला. आई शेजारी बसून तांदूळ निवडत असे. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्न मी मराठीत सांगायचा, हीही एक अट होती.

वसाहतीतले लोक इंग्रजांशी का लढले? कोणाला पकडून नेऊन गुलाम म्हणून विकले? युरोपातली माणसे येण्याआधी तिथे कोण राहत होते? या शेवटच्या प्रश्नावर आई सूप खाली ठेवून म्हणाली, “मग परीक्षा त्यांनी घ्यायला पायजे होती ना!”

आता पनवेलच्या ओट्याचा आणि त्या लढाईचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. 1773च्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात लोकांनी जो चहा समुद्रात फेकला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. मुंबई जिच्या ताब्यात होती तीच ही कंपनी. पाच वर्षांनी, 1778च्या अखेरीस, तिची मुंबईची फौज राघोबादादांना पेशव्यांच्या गादीवर बसवायला निघाली, ती होड्यांतून उतरली आमच्या पनवेलला. इथून बोरघाट चढून वर गेली आणि 1779च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी तिला असे कोंडले की अटी मान्य करून माघारी फिरावे लागले. या घाईमागे फ्रेंचांची धास्तीही होती. पुण्यात नाना फडणिसांकडे सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील येऊन राहिला होता, आणि तिकडे 1778च्या फेब्रुवारीत फ्रान्सने अमेरिकन बंडखोरांशी तह केला होता. यॉर्कटाउनला 1781मध्ये शरण गेलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस पुढे 1786मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानातच आला. तिथे हातचे गेले ते इथे भरून काढले, असे आमचे इतिहासाचे मास्तर म्हणत. मास्तरांचे गणित थोडे सोपे होते, पण ते लक्षात राहिले.

असो. पुस्तिकेतल्या उत्तरांनी माझे समाधान होईना, म्हणून मी त्या दिवसांत वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागलो. वाचता वाचता दोन कागदांवर अडखळलो. पहिला कागद 4 जुलै 1776चा, स्वातंत्र्याचा जाहीरनामा. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे त्यात ठणकावून सांगितले आहे. दुसरा कागद 1790चा, म्हणजे अवघ्या 14 वर्षांनंतरचा. नव्या देशाचा नागरिक कोणाला होता येईल हे ठरवणारा हा पहिला कायदा. दोन वर्षे वास्तव्य हवे, वर्तन चांगले हवे, आणि माणूस ‘स्वतंत्र आणि गोरा’ हवा.

पहिला कागद लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने आयुष्यात सहाशेहून जास्त माणसे गुलाम म्हणून बाळगली. 1787च्या राज्यघटनेत राज्याला किती प्रतिनिधी मिळावेत हे ठरवताना पाच गुलामांची तीन माणसे धरावीत असे कलम होते. मत द्यायला ती माणसे शून्य, पण मालकाच्या राज्याचे वजन वाढवायला तीन! आणि ही माणसे काही काल आलेली नव्हती. आफ्रिकेतून पकडून आणलेली वीसेक माणसे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवली गेली ती 1619मध्ये. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या ज्या यात्रेकरूंना अमेरिकेचे पूर्वज म्हणून मिरवतात, ते आले 1620मध्ये. आधी आलेला परका आणि मागून आलेला घरचा.

या दोन कागदांच्या मध्ये मला एक माणूस उभा दिसतो. थॉमस पेन. इंग्लंडात जन्मला, धंद्यात बुडाला आणि 1774च्या अखेरीस फिलाडेल्फियाला पोचला. दोन वर्षेही झाली नव्हती, तोवर 1776च्या जानेवारीत त्याने ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका लिहून त्या लोकांना सांगितले, की तुम्ही इंग्लंडचे लेकरू नाही, तुमचा देश वेगळा आहे. तोपर्यंत बहुतेकांना राजाकडून केवळ न्याय हवा होता. वेगळा देश हवा, हे इतक्या उघडपणे सांगितले ते या परक्या माणसाने. आणि म्हातारपणी, 1806 साली, हाच पेन न्यू रोशेल या गावी मत द्यायला गेला तेव्हा त्याला सांगण्यात आले की तू अमेरिकन नागरिक नाहीस, परत जा. 1809मध्ये तो न्यूयॉर्कला वारला. मातीला मोजकी माणसे होती. भाचीच्या शंभर प्रश्नांत त्याचे नाव नव्हते.

हे वाचले त्या दिवशी मला माझाच एक प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी एका गावी कविसंमेलनाला गेलो होतो. सूत्रसंचालकांनी ओळख करून दिली, “हे मुसलमान असूनही इतकी सुंदर मराठी लिहितात!” टाळ्या पडल्या. मीही हात जोडले. माणूस सज्जन होता, मनापासून कौतुक करत होता. पण परतीच्या एसटीत तो ‘असूनही’ माझ्या शेजारी बसून पनवेलपर्यंत आला. माझी आजी लग्नघरात जी गाणी म्हणायची ती आमच्या कोकणी बोलीत. बाजारात भांडलो ते मराठीत, शाळेत मार खाल्ला तो मराठीत. मग मी कशाच्या विरुद्ध जाऊन मराठी झालो? 1790च्या कायद्यातला ‘गोरा’ हा शब्द वाचताना मला तोच ‘असूनही’ भेटला.

पेनला अमेरिकेने दारातून परतवले, पण त्याचे पुस्तक पुण्यात पोचले. गोविंदराव फुल्यांनी मुलाची शाळा बंद केली होती. गफार बेग मुन्शी आणि लेजिटसाहेब यांनी समजूत घातल्यावर तो मुलगा 1841मध्ये पुन्हा शाळेत गेला. (मुन्शींचे नाव उच्चारताना मला जरा बरे वाटते, हे कबूल करतो.) त्या मुलाने, म्हणजे जोतीरावांनी, 1847च्या सुमारास सदाशिव बल्लाळ गोवंडे या मित्राबरोबर पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि 1848मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. 1873मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले. गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जी निःस्वार्थ झीज सोसली तिच्याबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही आपल्या शूद्र बांधवांसाठी तो कित्ता गिरवावा म्हणून.

इथे थोडे थांबावेसे वाटते. फुल्यांनी पुस्तक अमेरिकेच्या सरकारला अर्पण केले नाही, राष्ट्राध्यक्षाला नाही, सरसकट सगळ्यांनाही नाही. सज्जनांना केले. 1861 ते 1865च्या यादवीत सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. गुलामगिरी राखण्यासाठी लढलेलेही अमेरिकनच होते. 1857मध्ये ड्रेड स्कॉटच्या खटल्यात ‘काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही’ असा निकाल देणारे न्यायमूर्तीही अमेरिकनच. फुल्यांनी त्यातून आपली माणसे निवडली. पहिल्या कागदाच्या बाजूने उभी राहिली ती.

त्यांच्यानंतर प्रत्यक्ष पाहायला गेल्या पंडिता रमाबाई. आमच्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्यांच्या पदवीदानासाठी 1886च्या मार्चमध्ये रमाबाई तिथे पोचल्या आणि 1888पर्यंत राहिल्या. परत येऊन 1889मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिले, मराठीत. तिथला राज्यकारभार, घरेदारे, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था हे सारे त्यांनी मराठी वाचकांपुढे ठेवले. हे पुस्तक आज फारसे कोणी उघडत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी बाईच्या नजरेतून अमेरिका पाहायची असेल तर त्याच्याइतके चांगले दुसरे मला माहीत नाही.

आणि मग येते 1923. ‘गुलामगिरी’ला बरोबर पन्नास वर्षे झाली होती. भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याला नागरिकत्व हवे होते. कायदा अजूनही 1790चाच. 1870मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली होती, एवढेच. तेव्हा थिंडच्या बाजूने काय मांडले गेले? तो उच्च जातीचा आहे, आर्य आहे, म्हणून तो गोरा समजावा! ज्या उच्च-नीचतेविरुद्ध बळ मिळावे म्हणून फुल्यांनी अमेरिकेकडे पाहिले, तीच उच्च-नीचता आमचा माणूस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दाखला म्हणून घेऊन गेला. वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले. त्या बिचाऱ्याला दुसरे दारच नव्हते, हेही खरे. न्यायालयाने दावा फेटाळला. सामान्य अमेरिकन माणूस याला गोरा म्हणणार नाही, एवढे कारण पुरले. मग आधी मिळालेली भारतीयांची नागरिकत्वेही काढून घ्यायला सुरुवात झाली. थिंडची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः 1914मध्ये अमेरिकन झालेले होते. अहमदाबादेत जन्मलेला, पण नावावरून आपलाच वाटणारा हा गृहस्थ स्वतःचा खटला मात्र नेटाने लढला आणि 1926मध्ये जिंकला.

भारतीयांसाठी दार किलकिले झाले 1946मध्ये, वर्षाला 100 माणसांपुरते. वर्णाची अट कायद्यातून पुरती गेली 1952मध्ये. म्हणजे 1790चा कागद 162 वर्षे जगला. जो तिथे जन्मला तो नागरिक, हे 1868च्या 14व्या घटनादुरुस्तीने ठरवले होते, तरी 2025च्या जानेवारीत त्यालाही मुरड घालणारा आदेश निघालाच आणि प्रकरण न्यायालयात गेले. दोन कागदांचे भांडण मिटलेले नाही.

भाची त्या वर्षी हिवाळ्यात पास झाली. पहिल्या सहा प्रश्नांतच सुटली. शपथ घेतली त्या दिवशी तिचा फोन आला, आम्ही तो मोठ्या आवाजावर लावून ओट्यावर ठेवला. आईने विचारले, “आता कोण विचारणार नाय ना गो, तू कुठची म्हणून?”

भाची हसायला लागली. शपथेच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तिचे अभिनंदन केले होते आणि विचारले होते, तुझे इंग्रजी किती छान आहे, कुठे शिकलीस?

“मग काय सांगितलेस?” मी विचारले.

“पनवेलला, मामू. आणखी कुठे?”